नव्या मोटारीवर फोडलेला नारळ

माधवनगर,
रविवार

आदरणीय लालासाहेब मामा यांना कृष्णातचा वाकून नमस्कार.

मामींचे गुडघे कसे आहेत? म्हशीने लाथ मारलेला तुमचा हात बरा असावा. मी ठीक आहे. फक्त संतापाने जेवण जात नाही.

तुम्ही मला ज्या मोटार-दुरुस्तीच्या वर्गात घातलेत (बारावी हुकली तरी हातात कला राहील म्हणून), तिथे फलटणचे शिक्षक आमचा तास पाहायला येणार होते. धनपाल सरांनी आधी आम्हालाच विचारले, "सांगा रं, तास सुधाराय काय करू?" मी म्हणालो, सर, वर्गातली ती नवी पंपाची मोटार कापडाखाली झाकलेली आहे. तिची पूजा होते, पण ती उघडत नाही. ती उघडा आणि प्रत्येकाच्या हातून वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, करून घ्या. परीक्षेत तेच करायचे असते, आणि मी आजवर तार धरली ती फक्त कपडे वाळत घालायची. सर म्हणाले, "लय भारी! पाव्हण्यांसमोरच उघडू."

मग वर्ग माझी सूचना सुधारायला लागला. पाहुणे म्हटले की सत्कार, सत्कार म्हटले की स्वागतगीत. आठवडाभर वर्गात पेटी वाजत होती. (मला सूर लागत नाही म्हणून रांगोळीवर बसवले. मी वाइंडिंगची आकृती अचूक काढली. वर्गातल्या राजनंदिनीने तिच्यावर हंस काढला.)

पाहुणे आले. शाली झाल्या, भाषणे झाली. शेवटी फलटणच्या मोठ्या सरांनी नारळ घेतला आणि थेट मोटारीवर फोडला! मी ओरडलो, "आवं सर, पाणी आत जातंय!" राजनंदिनी म्हणाली, "गप रं, अपशकुन करू नगंस." बटण दाबताच फट्ट झाले आणि धूर निघाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाटले, आता तरी ती उघडतील. तर सर म्हणाले, "हात लावू नगा, गॅरंटीत हाय." कापड पुन्हा पडले. पाहुण्यांचा शेरा: 'विद्यार्थ्यांच्या सहभागामुळे तास आनंददायी.' मामा, रागाने पेन कागदातून आरपार जात आहे, म्हणून थांबतो.

आपला भाचा,
कृष्णात

ता. क. तुमच्या विहिरीवरची मोटार जळाली असे आई म्हणाली. कृपा करून दुरुस्तीला देऊ नका; एसटीने इकडे पाठवा. सरांशी भांडून कबूल करून घेतले आहे की तीच उघडायची आणि पहिली तार मी भरायची. (बिघडेल ही भीती नको. ती बिघडलेलीच आहे.)

ता. क. २. पुढच्या सोमवारी आम्ही फलटणला त्यांचा तास पाहायला जाणार. उत्तम सूचना दिल्याबद्दल तिथे माझा सत्कार आहे. (नाही म्हणवेना.) तुमचा लग्नातला कोटही पाठवा. मात्र मोटारीच्या पोत्यात घालू नका, तेलाचे डाग फोटोत दिसतात.