तुझ्या कोपऱ्यावरचे कवेलू

माय, लिवण्यात चुका होतीन, रागावू नको. तिसरीतून शाळा सुटली, तवापासून हातात झाडूच हाये. एक एक अक्षर आठवून टाकून राह्यली, म्हणून वेळ लागते.

चुलीमागचा कोपरा आठवते ना, जिथी तुझी खाट होती? धाकटा जन्मला अन गेला, तू तापानं पडून होती, अन बाहेर झड लागली होती. छपराच्या कवेलूतून पाणी टपके. मी खाली गंज ठेवो, भरला का फेको. तू बाबाले म्हणे, "कवेलू सरकले, जरा पाहा ना." बाबा म्हणे, "माणूस भेटला का चढवतो." मी म्हटलं, "माय, मीच चढतो." त तू तापातबी डोळे वटारले. "बाईच्या जातीनं घरावर पाय नाई ठेवत. देव कोपते." माणूस भेटला माय, पण तवापर्यंत तू गेली होती.

आता दादाच्या बायकोले पोरगी झाली. तिलेबी त्याच कोपऱ्यात टाकलं. पोरगी झाली म्हणून दादा तोंड पाडून पारावर पत्ते खेळते. बाबाची कंबर धरली, ते उठतच नाई. धानाच्या रोवणीच्या झडीत पाणी थेट लेकराच्या पोटावर टपकाले लागलं. वहिनीनं नुसता पदर धरला वरतं. मी पारावर गेली. "दादा, कवेलू फेर ना." म्हणे, "हा डाव होऊ दे." डाव झाला, त दुसरा मांडला.

मंग मी लुगडं खोचलं, शिडी लावली अन चढली. शेजारची काकू कोकलली, "अवो, पोरगी घरावर चढली! गावावर काय आणतं वो बाई?"

"काकू, बोंबलण्यापरीस दोन कवेलू दे वरतं."

दादा पत्ते हातात घेऊनच धावत आला. "उतर खाली! लोकं हासतीन मले."

"हासू दे. तू चढतं काय?"

खालून वहिनी सांगे, "बाई, अजून जरा इकडं!" अन काकूनं बडबडत बडबडत कवेलू दिले.

तवापासून बाबा माझ्या हातचं पाणी घेत नाई. म्हणे, घराची पूजा करा लागीन. मी म्हटलं, करा, पण पुढच्या झडीलेबी मीच चढीन. लेकरू कोरड्यात झोपून हाये. देव कोपते म्हणत होती ना तू? कोपाचंच होतं त तवा कोपाचं होतं, तू भिजत होती तवा.

डाकवाल्याले तुझा पत्ता काय सांगू? हे माझ्यापाशीच राहीन. एक सांगतो, वरतून पुरं गाव दिसलं, तळ्यापल्याडचं जंगलबी दिसलं, त काम झाल्यावरबी मी उगाच बसून राह्यली.

काकूचा बोकड सकाळी दावं तोडून वडस्याच्या रस्त्यानं पळाला. अजून सापडला नाई, काकू म्हणते, देव कोपला.