मीठ पातळ आहे तोवर

१९ ऑगस्ट, दुपार

ताई,

नमस्कार. डायलिसिसहून आलीस की पाय चेपायला मी तिथे नाही, तेवढं भावोजींकडून हक्काने करून घे. आईचे गुडघे कसे आहेत? पोरीची परीक्षा पार पडली का?

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू पहिल्याच वाक्यात विचारतेस, "रिपोर्ट आला का गं? तुझी किडनी चालेल ना मला?" आणि माझी दातखीळ बसते. कागदावर मला जरा इकडचं तिकडचं बोलू दे.

इकडे आभाळ भरून आलंय ते हटायला तयार नाही. मैदानभर आमच्या वीजकेंद्राचे आरसे नुसते उभे आहेत. ऊन असलं की ते मनोऱ्याच्या डोक्यावर फेकायचं, तिथे मीठ वितळून पाण्यासारखं वाहतं आणि टाकीत साठतं. सूर्य मावळल्यावर त्याच उष्णतेवर वाफ करून आम्ही शहराला वीज देतो. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "मला चिमूटभरही बंद, आणि तुझ्याकडे टाक्या भरभरून!" ते खायचं मीठ नव्हे गं बाई, खतातलं, असं मी सांगत राहिले आणि तू हसत राहिलीस.

सध्या साठा उतरलाय. मीठ निवलं तर पाइपातच त्याचा दगड होतो, म्हणून पाइपांना गुंडाळलेल्या तारा सतत तापवत ठेवाव्या लागतात. त्यासाठी वीज कुठून आणायची? शहराकडूनच. देणाऱ्यानेच घेणाऱ्याच्या दारात उभं राहायचं. काल आमचे साहेब खिडकीतून वर बघत म्हणाले, "आता काय, हात जोडा." एवढा शिकलेला माणूस!

आमच्या कंट्रोल रूममध्ये एक खोड आहे. मीठ गोठलं तरी 'गोठलं' म्हणायचं नाही, 'झोपलंय' म्हणायचं. मागे एक पाइप असाच "झोपलाय, उठेल" म्हणत आम्ही सगळ्यांनी ठेवून दिला. शेवटी कापून काढावा लागला.

मीही तुला "रिपोर्ट अडकलाय" म्हणत राहिले. अडकला नव्हता.

ताई, रक्त जुळतंय, सगळं जुळतंय. पण तुझ्या किडन्यांत आहेत तसले पाण्याचे फोड माझ्याही दोन्हींत आहेत. अजून लहान आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला देता येणार नाही." मी म्हटलं, "दोन्हींतली बरी असेल ती घ्या." त्यांनी मान हलवली. मग मी वेड्यासारखं विचारलं, "चांगली आहे तोवर काढून ठेवता येत नाही का? तिला लागेल तेव्हा द्या." आमच्याकडे ऊन साठवून ठेवता येतं ना गं, तेच डोक्यात. त्यांनी पाण्याचा पेला तेवढा पुढे केला.

मी तुला छातीठोक शब्द दिला होता. आता काय करावं ते मला खरंच कळत नाही. रडू नकोस असं लिहिणार होते, पण हा कागद बघतेच आहेस. आईला एवढ्यात सांगू नकोस; धाकटी अगदी मोठीवर गेलीय, हे ती जन्मभर कौतुकाने सांगत आलीय.

पोरीला मात्र तपासून घे. परीक्षा झाली नसली तरी घे.

आभाळ तसंच आहे. मीठ अजून पातळ आहे.

तुझ्यावर गेलेली,
धाकटी