भावोजींची जागेवरची सायकल

राहनाळ, भिवंडी

चिरंजीव दीपेश यास,

आक्काचे पोटभर आशीर्वाद. तू बरा असशीलच. रुचिकाची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, पाणी भरताना वाकू नकोस, नवऱ्याला वाकव. नाशिकला थंडी पडली असेल. आमच्याकडे येणारी थंडी पडघ्यापर्यंत येते आणि पुढे ट्रॅफिकमध्ये अडकते.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू गोडच बोलतोस, पण तुझ्या भावोजींचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. (कुठल्या कंपनीचं कार्ड आहे रे ते? मला नणंदेसाठी हवंय.) पत्राची रेंज जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगून टाकते. ऋतिकाचं लग्न मार्गशीर्षात धरलंय हे तुला कळलंच आहे. मुलीला हात धरून मांडवात आणायचं ते मामाने. तो मामा येणार की नाही, हे मी या पत्रात अजिबात विचारणार नाही. ऋतिका रोज विचारते, विहीणबाई विचारतात, आणि आपला चुलतभाऊ चांगदेव तर विचारण्याच्याही पुढे गेलाय. ‘दीपेश नाही आला तर मी आहेच’ म्हणून त्याने सफारी शिवायला टाकली. चांगदेवचं पोट तुला माहीत आहे, फोटोत नवरी दिसायची नाही. पण मी विचारणार नाही. मी फक्त सायकलीबद्दल लिहिणार आहे.

तुमचं बिनसलं तेही सायकलीवरूनच म्हणा. माझ्या दिरांच्या दिनेशच्या हळदीला तू नाशिकहून सायकल हाणत आलास, त्या घट्ट काळ्या चड्डीत, आणि यांनी भर मांडवात बेंजो थांबवून माइकवर विचारलं, ‘पाव्हणं, अर्धी पँट कसाऱ्याच्या घाटात पडली का काय?’ अख्खी आळी हसली. तू सायकल फिरवलीस आणि न जेवता निघून गेलास. हळदीचं जेवण सोडून! (मटण मी डब्यात काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी चांगदेवने खाल्लं.) तेव्हापासून दोन दिवाळ्या गेल्या. तू येत नाहीस आणि हे बोलवत नाहीत. हे म्हणतात, मस्करी केली, खून न्हाय केला. मी यांच्याशी भांडून भांडून दमले, पण माफी हा शब्द यांच्या तोंडाला बसतच नाही, काय करू?

तर तो चड्डीला हसणारा माणूस गेल्या गणपतीनंतर डॉक्टरकडून साखर वाढल्याचा कागद घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. चालणार कुठे? घराबाहेर पाऊल टाकलं की गोडाऊनचे कंटेनर. हे दोन दिवस चालायला गेले आणि तिसऱ्या दिवशी चपला रस्त्यात सोडून धावत आले. मग एक दिवस मला न सांगता सवरता टेम्पोतून दोन खोकी उतरली. एकात सायकल आणि दुसऱ्यात ते स्मार्ट मशीन. तुझ्याकडेही आहे म्हणे तसलंच, म्हणजे तुला सगळं ठाऊक असणार. सायकलीचं मागचं चाक काढायचं, तिथे मशीनवर ती बसवायची, वायफायने टीव्हीला जोडायची, आणि जागच्या जागी पायडल मारायचं. टीव्हीत रस्ता चढला की मशीन आपोआप जड होतं. पैसे देऊन चढ विकत घेणारा हा आपल्या खानदानातला पहिला जावई.

नवी गाडी आली म्हणजे पूजा आलीच. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग यांनी चाकाखाली लिंबू ठेवायला मागितलं. मी म्हटलं, अहो, ही गाडी पुढे जाणार नाही, लिंबू चिरडणार कसं? तर म्हणाले, रिवाज म्हणजे रिवाज. लिंबू मशीनच्या एका पायाखाली ठेवलं, हे वर चढले, मशीन लिंबावर कललं, हार साखळीत गेला आणि झेंडूच्या पाकळ्या अशा उडाल्या की जणू नवरानवरीवर अक्षता. ऋतिका हसून हसून जमिनीवर बसली. यांनी खाली उतरून हार सोडवला आणि मला म्हणाले, शुभ हाय.

टीव्हीतल्या त्या रस्त्याचं एक ॲप असतं, जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्याच रस्त्यावर पायडल मारतात. त्यात आधी आपलं वजन टाकावं लागतं. यांनी स्वतःचं लग्नातलं वजन टाकलं. (आमच्या लग्नातलं. तेव्हा मी यांच्या सायकलीच्या दांडीवर बसून डोंबिवलीला गेले होते, आठवतंय ना?) मशीन बिचारं भोळं, त्याला वाटलं काडी बसलीय, त्याने यांना डोंगरावर भराभर चढवलं. दोन दिवस घरात मिरवणूक. तिसऱ्या दिवशी ऋतिकाने यांना गोडाऊनच्या वजनकाट्यावर उभं केलं आणि खरा आकडा घातला. त्या सकाळी टीव्हीत एक जपानी आजी यांना मागे टाकून गेली. हे दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, ‘मी दमलो न्हाय, ती मशीन दमलीय.’

चड्डीचं तर विचारूच नकोस. ऑनलाइन मागवली. आली तेव्हा हे म्हणाले, माल खराब हाय, आत गादी शिवलीय. दोन दिवस पुढची बाजू मागे करून घातली. आता गादी जागेवर आहे, पण कोणी जिना चढायला लागलं की हे वरून टॉवेल गुंडाळतात. आमचे शेजारी हिरामण, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, ते रोज सकाळी चहाच्या निमित्ताने येतात, खुर्ची टाकतात आणि यांना रस्ता सांगत बसतात. ‘भाऊ, हॉर्न मारा! भाऊ, डावीकडून काढा!’ टीव्हीत झाडं, नदी, गुळगुळीत रस्ता, एक कंटेनर नाही. हिरामणना ते पटतच नाही. खड्डा न्हाय म्हणजे पुढं मोठा असणार, असं म्हणून त्यांनी परवा यांना घाबरवून ब्रेक दाबायला लावला. जागेवर उभ्या सायकलीला!

मध्ये एकदा चढावर असताना लाईट गेली. (आपल्याकडची लाईट, कापडाचे माग चालवणारे लूमवाले काय आणि आपण काय, सगळ्यांना सारखीच.) टीव्ही काळा, मशीन एकदम हलकं, आणि यांचे पाय असे सुटले की मला खाली स्वयंपाकघरात वाटलं वर शिलाई मशीन चालू झालं. गुडघे धरले. मग अकलोलीच्या गरम कुंडात नेऊन बसवलं. तिथे शेजारी बसलेल्या पाहुण्यांना हे सांगत होते, ‘ट्रेनिंग चाललंय.’ कसलं ट्रेनिंग विचारलं तर म्हणाले, डोंगराचं. गळ्यापर्यंत पाण्यात बसून काहीही सांगता येतं.

मला वाटलं होतं महिनाभरात त्यावर कपडे वाळत घालता येतील. तेवढ्यासाठीच मी गप्प होते. पण हा माणूस रोज उजाडायच्या आत उठतो. लग्नानंतर इतक्या वर्षांत यांना मी हाक मारल्याशिवाय उठलेलं पाहिलं नव्हतं. साखर खाली आली, पट्ट्याला नवं भोक पाडलं, तरी हे टिकेल असं मला काही वाटेना. लग्नाचं घर आहे, वरची खोली पाहुण्यांना लागणार. म्हणून तुला विचारते, तुझ्या ओळखीत कोणी असलं मशीन घेणारा असेल तर कळव. हार, लिंबू, पाकळ्या सगळं साफ करून देईन.

रुचिकाला आशीर्वाद. तब्येतीला जप आणि सायकलवर मान खाली घालून जाऊ नकोस.

तुझी,
आक्का

ता. क. मशीन विकायचं नाही. विचारलं असं समजू नकोस.

खरं काय ते लिहिते. तुझ्या ॲपवर रोज सकाळी नॉर्वेच्या झेंड्याचा एक ‘के. नाथ’ तुझ्या मागे असतो ना? तुला अंगठे पाठवतो, चढाला मागे पडतो, पुन्हा धापा टाकत येतो? दीपेश, तो नॉर्वेचा नाही. ते केसरीनाथ, तुझे भावोजी. तू कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्याने जातोस हे यांनी दिनेशकडून काढून घेतलं, आणि मगच टेम्पो आला. साखरेचा कागद नुसतं निमित्त. नॉर्वे का, विचारलं तर म्हणाले, तिथं आपल्या ओळखीचं कोन न्हाय, दीपेश ओळखणार न्हाय. समोर येऊन बोलायची हिंमत नाही म्हणून हा माणूस रोज तुझ्या पाठीमागे घाम गाळतो. मंगळवारी मोठ्या चढाला तू वेग कमी केलास, त्या अनोळखी माणसासाठी थांबलास. हे टॉवेल न गुंडाळता तसेच खाली आले, हिरामणच्या समोरून, आणि मला म्हणाले, ‘माझ्यासाठी थांबला गं तो.’ डोळे पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले घाम.

ता. क. आणखी एक. लग्नाच्या आमंत्रणाची अक्षत मामाच्या घरी घरातल्या कर्त्याने स्वतः न्यायची, हा आपला रिवाज तुला माहीत आहे. यांनी ठरवलंय की ती अक्षत सायकलवरूनच न्यायची, भिवंडी ते नाशिक, काळी चड्डी घालून, सगळ्यांच्या देखत. येत्या रविवारी निघणार. मी हातापाया पडले, ऐकत नाहीत. टीव्हीतल्या डोंगरावर चढलेला माणूस आहे तो, बाबा. हायवेवरचे कंटेनर यांना रस्ता देणार नाहीत, आणि कसाऱ्याचा घाट लाईट गेली म्हणून हलका होत नाही. मला खूप भीती वाटते. म्हणून पाया पडून मागते, तू शनिवारीच ये. हे पत्र मी लिहिलं असं सांगू नकोस.

पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नॉर्वेवाल्याला ॲपवर एवढंच लिही: ‘भावोजी, शनिवारी येतो. अक्षत तुमच्याच हातून घेईन, पण तुमच्या घरी.’ मराठीत लिही. मी जिन्याखाली उभी असेन. वरचा मशीनचा आवाज मध्येच थांबला की मी समजेन आणि ऋतिकाला उठवेन.