मुंडक्यावाचूनची मी

मी, प्रमोदिनी मानसिंग शितोळे, वय ७८, राहणार कोरमंगला, बेंगळूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहून ठेवते. रागात लिहिते आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी.

१. राहते घर व बँकेतील ठेव चिरंजीव योगीराज यास. पोटचा आहे, टाकून कुठे जाऊ?

२. अंगणातला ब्राँझचा पुतळा मात्र त्यास नाही. चालती बाई; शिर नाही, हात नाहीत. माझ्या यजमानांनी घडवला, इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत ओतारी देवाप्पांच्या भट्टीत ओतला. पॅरिसकडचे शिल्पकार नुसत्या धडातून अख्खा माणूस उभा करतात, ते ह्यांनी पुस्तकांत पाहिलं. शेजारी बसून मीही पाहिलं. बघणारे म्हणतात, "वळण अगदी युरोपचं!" डोंबलाचं युरोप! निपाणीत घागरी वाहून कललेली ही कंबर माझी आहे. उभी मी राहिले होते.

३. योगीराजच्या लेखी ती भंगलेली मूर्ती, घराला अशुभ. आधी चादर पांघरली. मग मला न विचारता पितळी मुंडकं करून आणलं: नाकात नथ, वीस वर्षांची पोर!

"आई, पाहुणे विचारतात, मुंडकं कुठाय?"

"हे काय माझ्या खांद्यावर! कधी वर बघितलंस?"

आई समोर जिवंत, आणि हा तोंड विकत आणतो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

४. पुतळा सून मुग्धा हिला. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात म्हणाली, "आई, या तुम्हीच ना? ओट्याशी अश्शाच उभ्या राहता, डाव्या पायावर भार देऊन." तिने त्यावर ओले टॉवेल वाळत घातले तरी चालेल. मात्र कोणी शिर जोडल्यास किंवा पुतळा विसर्जित केल्यास कलम १ रद्द, घरही मुग्धाचं.

५. ते मुंडकं वितळवून योगीराजसाठी पूजेची घंटा ओतावी. निदान आवाज तरी खरा निघेल.

साक्षीला बसलेले देवाप्पा म्हणतात, "अक्का, स्वल्प नरम लिहा. मुलगा आहे." सरी, बरं तर. म्हणून पुढचं कलम.

६. माझ्यामागे भिंतीवर फोटो लावू नये, हार घालू नये. योगीराजने अंगणात जावं, पुतळ्याच्या पाठीमागे उभं राहावं. लहानपणी माझा पदर धरून बाजारभर मागून चालायचा. ओळखेल.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: प्रमोदिनी मानसिंग शितोळे

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार:
१. देवाप्पा बडिगेर (सही)
२. शिवलीला हिरेमठ, शेजारी (सही)

स्थळ: कोरमंगला, बेंगळूर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५