कॅमेऱ्याच्या डोळ्यात कुंकू

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
पूजेसाठी कॅमेरा पुसायला घेतला होता. लेन्स काढून वेगळी ठेवली अन् झाकण शोधायला आत गेले. परत येते तर पाटावर विळी, नवऱ्याचा, अवीचा, पाना, मधोमध माझा कॅमेरा. तोंड उघडं. आत सेन्सरवर ओल्या कुंकवाचं बोट, वर चार अक्षता!

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, हात जोडून बसलेल्या. "डोळा आत हाय की त्येचा. भायेरनं लावून काय उपेग?"

ह्याच आत्या. लग्न झाल्यापासून एकच पालुपद, "बाईमाणसानं मांडवात कॅमेरा घिऊन फिरायचं व्हय?" आज आपणहून त्याची पूजा केली. धक्का नक्की कशाचा बसला, मलाच कळेना. नमस्कार केला.

२ ऑक्टो., दसरा
अवीला सांगितलं. नवरा आधी पोट धरून हसला. म्हणे, "टॉवेलनं पूस की, सोलापुरात टॉवेलला काय तोटा!" जीव घेतला असता त्याचा. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा जीव, तो काय टॉवेलनं पुसायचा असतो?

रविवारी सांगोल्यात आत्यांच्या भाचीचा साखरपुडा. आत्यांनीच भावाला फोनवर सांगितलंय, "फोटूवाला कशाला? आमची सून हाय की." दुसरा कॅमेरा नाही. पुण्याला दुरुस्तीला पाठवला तर रविवार गेलाच, अवीलाही तेच म्हटलं.

आत्यांना कळू द्यायचं नाही. पहिल्यांदा माझ्या कामाला हात जोडले, आणि त्याच हातांनी... नकोच.

३ ऑक्टो.
दुपारी बाथरूममध्ये गरम पाणी सोडलं. वाफेनं धूळ खाली बसली, मग कॅमेरा आत नेऊन दार लावलं. उपडा धरून रबरी ब्लोअरनं हवा मारली. अक्षता पडल्या. मग सेन्सर पुसायच्या पट्टीवर क्लीनरचे थेंब, या कडेपासून त्या कडेपर्यंत अलगद एक हात. पट्टी लालभडक! पुढची गुलाबी. त्यापुढची एकदाची पांढरी.

बाहेरून आत्या, "कवाधरनं आत हायस गं? पोट बिगडलं का?" व्हय म्हटलं. वाटीभर ओव्याचं पाणी प्यावं लागलं.

गच्चीत जाऊन आभाळाचा फोटो काढला. वर उजवीकडे काळा ठिपका. कुंकूच राहिलंय, की अक्षतेनं चरा पाडला? पुन्हा पुसायची छाती नाही.

५ ऑक्टो., रवि., सांगोला
ठिपका उजेडावरच दिसतो, म्हणून दिवसभर आभाळ चुकवत फोटो काढले. आत्या पुढेपुढे, "सरका, माज्या सुनंला दिसू द्या की!" रडूच आलं मला. शेवटी स्वतःच भावाला घेऊन बागेत उभ्या राहिल्या. मागे सगळं मोकळं आभाळ. काढला. ठिपका बरोबर आत्यांच्या डोक्यावर.

७ ऑक्टो.
कॉम्प्युटरवर ठिपके पुसत होते. आत्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, पत्ताच नाही. पडद्यावर त्यांचाच फोटो.
"ह्यो डाग कशाचा?"
"पाखरू असेल."
पुढचा फोटो, ठिपका तिथंच. त्याच्या पुढचा, तिथंच.
"फोटू बदलला तरी पाखरू जागचं हलंना," म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.
मी घाईनं फोटो बंद केला.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
ठिपका आहे तिथंच आहे. लोकांच्या घरच्या बारशांचे फोटो खोलीतच निघतात, म्हणून चाललंय.

संध्याकाळी आत्यांनी ताट घेऊन हाक मारली, "कॅमेरा आण." लेन्स घट्ट बसलीय ना, ते परत परत बघून आणला. आत्यांनी बोट कुंकवात बुडवलं, कॅमेऱ्यापर्यंत नेलं आणि थांबल्या. बोट पदराला पुसलं.
"तूच लाव. कुटं लावायचं त्ये तुला ठावं."

कॅमेऱ्याच्या गळपट्ट्याला लावलं. अक्षता त्यांनी लांबूनच टाकल्या. मग वाती नीट करता करता, माझ्याकडे न बघता, "पुण्याला कवा नेतीस त्येला?"

पुण्याचं मी फक्त अवीशी बोलले होते, तेही दसऱ्याला. म्हणजे ओव्याचं पाणी दिलं तेव्हाही आत्यांना...