समुद्रसपाटीवर दीडशे

८ नोव्हेंबर, शनिवार
रोह्याहून अष्टमीला जाताना गाडी पुलाच्या मध्यावर दमली. कारण उघड आहे: उंची. वर हवा विरळ, सिलिंडरमध्ये कमी भरते, कॉम्प्रेशन पडतं. मी वाचलंय. मेकॅनिक रूबेन ज्यू, त्याचं गॅरेज आज शब्बाथमुळे, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीमुळे, बंद. ढकलत घरी आणली.
बावीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं. मैनेला याच गाडीतून महाबळेश्वरला नेणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१० नोव्हेंबर
रूबेनने कॉम्प्रेशनचा गेज लावला. सत्तर. पाहिजेत दीडशे. म्हणाला, काका, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हवेचा काय दोष नाय. त्याचं गॅरेज रस्त्यापासून हातभर उंच आहे, हे तो धरतच नाही.

११ नोव्हेंबर, सकाळी ७
मैनेची अट. गेजवर दीडशे दिसले तर गाडीत बसेन, नाहीतर एसटीने एकटी जाईन. वर म्हणाली, पंचवीस वर्षांत कुठे नेलंत? माथेरान ठरलं होतं तेव्हा पाऊस होता. त्यात माझी चूक शून्य.

१५ नोव्हेंबर
गेजवर दीडशे यावेत इतकी खालची जागा तालुक्यात नाही. पेणची खाडी बरी. मैनेने बॅग भरली. माझे कपडे त्यात नाहीत. वेगळी बॅग करणार असेल.

२१ नोव्हेंबर, सकाळी ८
रूबेनला घेऊन खाडीवर. नागोठण्याला दोनदा थांबून इंजिनला दम खाऊ दिला. ओहोटी. काठावर गेज: सत्तर. थोडी खाली घेतली. सत्तर. रूबेन म्हणाला, काका, पुढं चिखल हाय, भरती पण लागंल आता. शुक्रवार आहे, संध्याकाळी शब्बाथ लागतो, त्याआधी घरी पोचायचं म्हणून तो गेज घेऊन गेला. माणसाला संशोधनाची आवडच नाही. मी आणखी दहा फूट खाली घेतली.

दुपारी १२
पाणी सीटपर्यंत. तत्त्व मात्र बरोबर आहे.

२२ नोव्हेंबर
गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली. मैना पहाटेच एसटीने गेली. दुपारी फोन आला. वाटलं, भांडेल. म्हणाली, अहो, इथे काय मोकळा श्वास येतोय, दोन दिवस जास्त राहते. मी विचारलं, एसटी घाटात दमली का? म्हणाली, नाही.
संध्याकाळी खात्री करायला अष्टमीच्या पुलावर चालत गेलो. मध्यावर मलाच धाप लागली. कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. इथे उंची अशी काहीच नाही. मैना असायला हवी होती.