मंगळावर वस्ती आणि वरच्या मजल्यावर दादा

४ मार्च, सोमवार. सकाळी
आजपासून ऑनलाइन वाद बंद. फक्त चर्चा. फरक आहे. वाद घालणाऱ्याला जिंकायचं असतं. चर्चा करणारा आधीच जिंकलेला असतो, तो फक्त इतरांना कळवतो.

दुपारी, दुकानात
'विश्वमंथन' ग्रुपवर 'टाचणी' नावाच्या कुणा पोरगेल्या इसमाने लिहिलं, 'मंगळावर जायचं ते जा, पण इथलं आवरून जा.' एक ओळ. ना आकडे, ना अभ्यास. मी (ग्रुपवर मी 'गरुडदृष्टी') पाच परिच्छेदांत त्याची सालं काढली. त्या नादात एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसली. बाई म्हणाल्या, सगळं हलतंय. मी म्हटलं, होईल सवय. मानवजात दुसऱ्या ग्रहावर निघाली आहे, यांना चार दिवस दम नाही.

टाचणीचं उत्तर आलं: 'छान. दमला असाल, पाणी प्या.'
याला काय अर्थ आहे?

६ मार्च, बुधवार
डिजिटल प्रायव्हसी सप्ताह जाहीर केला. घरापुरता. सगळ्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. बायकोने तिची पाच मिनिटांत काढली. म्हणाली, बहिणीला तोंड दाखवायचंय, पट्टी नाही. वायफायचा पासवर्ड बदलून असा ठेवला की खुद्द मलाही आठवू नये. आठवला नाही. लेकीने क्षणात लावून दिला. हॅकिंग कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणाली, बाबा, तुम्ही तो फ्रिजवर चिकटवलाय.

असो. माझी स्वतःची ओळख मात्र पूर्ण गुप्त आहे. गरुडदृष्टी कोण, हे कुणाच्या बापाला कळणार नाही.

संध्याकाळी केस कापायला गेलो. न्हावी म्हणाला, या गरुडदृष्टी, कटिंग की नुसती दाढी? प्रोफाइल फोटोत गरुडामागे दुकानाची पाटी आली आहे म्हणे. फोन नंबरासकट.

९ मार्च, शनिवार
घरगुती आघाडीवर हालचाल. आमच्या वरच्या मजल्यावर दादा-वहिनी राहतात. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. गेल्या हिवाळ्यात मी जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट ठेवलं. दादाचा गुडघा आपटला. तो म्हणाला, हलव. मी म्हटलं, ही जागा माझ्या मजल्याची. तो म्हणाला, मग ठेव उराशी कवटाळून. तेव्हापासून द्विपक्षीय चर्चा स्थगित आहे. वहिनी आणि ही मात्र वाटीत घालून काहीबाही वर-खाली पाठवत असतात. सीमेवरच्या या व्यापाराकडे मी मोठ्या मनाने काणाडोळा करतो, कारण वहिनींच्या हाताला चव आहे.

आज ही म्हणाली, भाऊजी-वहिनी महिनाअखेरीला त्यांच्या मुलीच्या गावाला कायमचे चाललेत. वरची जागा भाड्याने देणार. तुम्ही एकदा वर जाऊन या.
मी म्हटलं, मला अधिकृतपणे कळवण्यात आलेलं नाही.
ही म्हणाली, कर्म माझं.

१० मार्च, रविवार
सबंध सकाळ घालवून पोस्ट लिहिली: 'शेजारी राष्ट्रांतील तणाव, एक तटस्थ चिंतन.' लाइकांचा नुसता पाऊस. कुणीतरी 'डोळ्यांत पाणी आलं' असंही लिहिलं.

लेकीने वाचली. तोंड अगदी सरळ ठेवून विचारलं, बाबा, तुम्ही लिहिलंय की मोठ्या मनाने कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं. ते कुणी टाकायचं?
समोरच्याने, मी म्हटलं. एवढंही कळत नाही. कॉलेजात शिकवतात काय?

१३ मार्च, बुधवार
मानाचं आमंत्रण! रविवारी विश्वमंथनची लाइव्ह महाचर्चा. अंतराळ, प्रायव्हसी, जागतिक राजकारण, तिन्ही विषयांवर मी बोलणार. समोर टाचणी. बच्चू, आता गाठ माझ्याशी आहे.

जिन्यात दादा भेटला. रद्दीचा गठ्ठा घेऊन उतरत होता. दोघेही आपापल्या भिंतीला चिकटलो. मी मान हलवणारच होतो, तेवढ्यात तो खोकला. दोनदा. यामागे नक्की संदेश असणार. त्याशिवाय दादा उगाच दोनदा खोकणाऱ्यातला नाही.
हिला सांगितलं. ही म्हणाली, त्यांना खोकला झालाय.

१७ मार्च, रविवार. दुपारी
महाचर्चा झाली. एकंदरीत यशस्वी. तांत्रिक बाब वगळता.

अंतराळावर बाजी मारली. कोट्यवधी मैलांची पोकळी ओलांडायला फक्त इच्छाशक्ती लागते, या वाक्यावर टाळ्यांच्या खुणा आल्या. प्रायव्हसीवर तर मी पेटलोच. 'आपण बोलतो ते कोण ऐकतंय, याचं भान ज्याला नाही, तो आजचा अडाणी.' एवढं म्हणून माइक बंद केला आणि मागे टेकलो. म्हणजे, बंद केला असं मला वाटलं.

तेवढ्यात ही आत आली. म्हणाली, अहो, वहिनी वर सामान बांधता बांधता रडतायत. जरा जा की.
मी म्हटलं, मी आधी गेलो म्हणजे हरलोच ना! त्याने एकदा म्हणावं, कपाट योग्य जागी आहे.
ही म्हणाली, त्या कपाटात आपल्या चपला तरी असतात का? सगळ्या बाहेर लोळतात.
मग मी आणखी बरंच बोललो. दादाने मला सायकल शिकवली, तेव्हा मागून सीट धरून धावायचा. त्याला वाटतं, अजून सीट त्याच्याच हातात आहे. आणि आपण जाणार आहोत हे मला, धाकट्या भावाला, सांगावंसं त्याला वाटलं नाही, बायकांकडून कळावं? इथे उठून पंखा बंद केला. पंख्याची धूळ.

स्क्रीनकडे बघितलं तर माइक चालूच, आणि सगळे चेहरे माझ्याकडे रोखलेले. एकाने तर चष्मा काढून पुसला. टाचणीचा चेहराही तेव्हाच नीट पाहिला. पोरगेला इसम नव्हताच. माझ्या सासूच्या वयाच्या बाई, पांढरा अंबाडा, हातात अर्धवट विणलेला स्वेटर. त्या म्हणाल्या, 'गरुडदृष्टी, आम्ही थांबतो. तुम्ही वर जाऊन या.'

मी म्हटलं, आवाज तुटतोय. लॅपटॉप मिटला.

निष्कर्ष: प्रायव्हसीचा धोका मी सांगत होतो तसाच निघाला. मुद्दा सिद्ध झाला.

१८ मार्च, सोमवार
ग्रुप सोडला. तत्त्व म्हणून.
दुपारी परत गेलो. माझ्या जाण्याने किती खळबळ माजली ते बघायला. कुणाला पत्ताच नव्हता की मी गेलो होतो. चर्चेचं रेकॉर्डिंग मात्र सगळ्यांनी बघितलंय. लेक म्हणाली, बाबा, कमेंटमध्ये सगळे काकांच्या बाजूने आहेत. दुकानात एक गिऱ्हाईक नंबर तपासून घेता घेता म्हणालं, मग हलवलं का कपाट?
त्याला सर्वांत खालची ओळ वाचायला लावली.

२२ मार्च, शुक्रवार
निर्धार. वर जायचं. निवेदन तयार केलं: प्रास्ताविक, माझी भूमिका, कपाटाची पार्श्वभूमी, सन्माननीय तोडगा. आरशासमोर म्हणून बघितलं. कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेत शोभलं असतं.

संध्याकाळी निम्मा जिना चढलो. वर दादा-वहिनी हसत होते, घड्याळ कशात गुंडाळायचं यावरून. दादाचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं. वर जायला वातावरण अनुकूल नव्हतं. उतरलो. याला माघार म्हणत नाहीत. पाहणी म्हणतात.

२४ मार्च, रविवार
ट्रक सकाळीच आला. मी दारात उभा होतो, निव्वळ निरीक्षक म्हणून. हमाल एकच आलेला. दादा लोखंडी कपाटाचं एक टोक धरून जिन्यात अडकला होता, मान लाल झालेली. मला बघून म्हणाला, 'धर.'

एवढंच. निवेदन खिशात होतं, पण दोन्ही हात गुंतलेले.

वळणावर लोखंडी कपाट अडलं. चपलांच्या कपाटामुळे. सरळ येईना, तिरकं येईना. आम्ही तिघेही ते पेलून उभे. दादाला टोमणा मारायला चांगली संधी होती, ती त्याने सोडली. हमालच वैतागून म्हणाला, हे खोकं कुणी ठेवलंय इथे? दादा म्हणाला, 'असू दे रे. त्याचं आहे.'

मी ओझं टेकवायला लावलं, चपलांचं कपाट उचललं आणि घरात नेऊन ठेवलं. तात्पुरतं. भूमिकेत बदल नाही.

मग दुपारपर्यंत सामान उतरवत होतो. दादा सारखं ओरडत होता, गुडघ्यात वाक, कमरेत उसण भरेल. मी वाकत होतो. जाताना वहिनींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तब्येतीला जपा. दादा ड्रायव्हरशेजारी बसला. म्हणाला, येतो.
मी म्हटलं, हं.

मानवी संवादाच्या इतिहासात याहून लांब उत्तरं झाली असतील. पण ट्रक लगेच सुटला.

२५ मार्च, सोमवार
वर सामसूम. दिवसभर कुणी चाललं नाही. कंबर भरली आहे. 'स्थलांतर आणि बदलतं जग' यावर लिहायला बसलो. शीर्षक झालं.

३१ मार्च, रविवार. संध्याकाळी
आजपासून दर रविवारी दादाला फोन करायचा, तास-दीड तास मनसोक्त बोलायचं. इतक्या महिन्यांचं साठलेलं आहे. माझ्यासारख्या माणसाला विषयांचा काय तुटवडा?

लावला.
जेवलास का, तो म्हणाला. हो म्हटलं. तू? तोही हो म्हणाला. गुडघा? बरा आहे. कंबर? बरी आहे. मग मंगळ काढावा की सीमावाद, ते ठरेना. शेवटी त्यानेच विचारलं, संध्याकाळी करतोस काय रे हल्ली?
चर्चा करतो, मी म्हटलं. फार मोठमोठ्या लोकांशी.
अरे वा, कुणाशी?
मी नावं आठवू लागलो. टाचणी. वादळवारा. सत्यशोधक नव्याण्णव. खरं नाव एकाचंही माहीत नाही. त्यांनाही माझं नाही.
दादा थांबला होता. पलीकडून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

आवाज तुटतोय असं सांगून फोन हिच्याकडे दिला. अगदी स्वच्छ येत होता.